म्यान आणि कोश

तलवारीच्या आवरणास फ्रेंच भाषेंत दोन शब्द आहेत. ‘फूरो’ हा जर्मानिक मुळाचा. केसाळ कातड्याचा वाचक फ्रेंच शब्द त्याच कुळांतला. दुसरा ‘गेन’, तो लॅटिन ‘वागीना’पासून निघाला. त्याची पोर्तुगीज बहीण ‘बाइन्या’. तिचा आणखी एक अर्थ वस्त्राची दुमडलेली कड. स्पॅनिशांनीं त्याच शब्दाचें लघुरूप एका सुगंधी शेंगेस दिलें, तोच आपला व्हॅनिला!

ठाण्यावर १७३७ पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता. त्यांच्याकडून मराठीनें चावी घेतली, पगार घेतला, बटाटाहि घेतला; तलवारीचें आवरण मात्र फारसीच राहिलें. ‘मियान’ म्हणजे मध्य, कंबर. ‘दरम्यान’ त्याचाच सोयरा.

शेजारचें कल्याण शिवाजीमहाराजांनीं १६५७ त घेतलें. पुढें त्यांच्याच आज्ञेनें फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राजव्यवहारकोश’ सिद्ध झाला. मौज अशी कीं, ग्रंथाच्या नांवांतील ‘कोश’ शब्दाचाच एक अर्थ म्यान! खजिना, कळी, रेशमाच्या किड्याचें घर, हीं सारीं त्याच शब्दांत मावतात. इतका ऐसपैस शब्द घरांत असतां तो तलवारीस मिळाला नाहीं, याची मला थोडी हळहळ वाटते. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला खरा, पण पुढें ‘पेशवा’ही परतला; आणि एका म्यानांत दोन तलवारी राहात नाहींत, असेंच आपण अद्यापि म्हणतों.