दिनविशेष : २३ जून
१९७२ : शिक्षणात स्त्री-पुरुष भेद करणाऱ्या संस्थांचा सरकारी निधी रोखणाऱ्या ‘टायटल नाइन’ कायद्यावर अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी सही केली. त्यात ‘खेळ’ हा शब्दही नव्हता! तरीही विद्यापीठांना मुलींसाठी संघ, प्रशिक्षक, शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये मध्यमवयीन पुरुषांसाठी शोधलेल्या व्हॉलीबॉलमध्ये विद्यापीठांच्या मुली जोमाने उतरल्या. ‘एनसीएए’ या अमेरिकी विद्यापीठीय क्रीडा संघटनेची पहिली महिला व्हॉलीबॉल स्पर्धा १९८१ मध्ये झाली, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाने ती जिंकली. कायद्याने दार उघडले, पण पुढचे श्रेय मुलींच्या घामाचेच. वसईतील महाविद्यालयांत शिकणाऱ्या उमेळे गावच्या मुलींनाही खेळण्याचा हा हक्क हवा. गावकऱ्यांनो, संध्याकाळी मैदानावर त्यांच्यासाठी एक जाळी जरूर बांधा.