ठिपक्यांची शुद्धता आणि मुतखडा : एका वंशनोंदवहीचा इतिहास

१/
पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला डाल्मेशियन कोणाला ठाऊक नाही? मात्र या देखण्या जातीच्या रक्तात एक दोष पिढ्यान्‌पिढ्या वाहत आला आहे. त्या दोषामुळे या कुत्र्यांना मुतखडा होतो आणि प्रसंगी जीवही जातो. दोष दूर करण्याचा मार्ग १९७३ मध्येच सापडला होता. ब्रिटनच्या केनेल क्लबने तो स्वीकारला २०१० मध्ये. मधल्या ३७ वर्षांत नेमके काय घडले, हे समजण्यासाठी आधी रोग आणि मग नोंदवही पाहावी लागते.

२/
मांसातील प्युरीन नावाच्या द्रव्यांपासून शरीरात युरिक ॲसिड तयार होते. सामान्य कुत्र्याचे यकृत त्याचे अलँटॉइनमध्ये रूपांतर करते. अलँटॉइन पाण्यात सहज विरघळते आणि लघवीवाटे निघून जाते. डाल्मेशियनच्या यकृतातही हे काम करणारे विकर असते, पण युरिक ॲसिड पेशीच्या आत नेणारी वाहतूक बिघडलेली असते. मूत्रपिंडातही तोच बिघाड असतो. परिणामी लघवीत युरिक ॲसिड साचते, त्याचे स्फटिक बनतात आणि स्फटिकांचे खडे होतात.

३/
धोका नराला अधिक. त्याचा मूत्रमार्ग लांब व अरुंद असून शिश्नातील हाडापाशी खडा अडकतो. लघवी पूर्ण तुंबली आणि उपचार मिळाले नाहीत, तर काही दिवसांत मृत्यू ओढवतो. म्हणून डाल्मेशियन पाळणाऱ्या घराला काही नेम पाळावे लागतात : कलेजीसारखे अवयवांचे मांस टाळणे, जेवणात पाणी मिसळणे, दिवसातून अनेकदा लघवीसाठी बाहेर नेणे, लघवी तपासून घेणे. वारंवार खडे होणाऱ्या कुत्र्यास अॅलोप्युरिनॉल देतात. माणसाच्या गाउट या सांधेरोगावरचे हेच औषध.

४/
हे वैगुण्य काही काल-परवा उघडकीस आलेले नाही. शाळा-महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत साखर ओळखण्यासाठी 'बेनेडिक्ट चाचणी' केली जाते. ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनीच १९१६ मध्ये डाल्मेशियनच्या लघवीतील युरिक ॲसिडचे वेगळेपण नोंदवले होते. म्हणजे या ज्ञानाला शंभराहून अधिक वर्षे झाली.

५/
मग हा दोष संपूर्ण जातीत कसा भिनला? त्यासाठी एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडकडे वळावे लागते. तोवर कुत्र्याची ओळख प्रामुख्याने त्याच्या कामावरून होई. मेंढ्या वळणारा, शिकार दाखवणारा, उंदीर मारणारा. डाल्मेशियन हा श्रीमंतांच्या घोडागाडीबरोबर धावणारा कुत्रा. त्याच्या कामात आणि रुबाबात भर पडत असेल, तर दुसऱ्या वाणाशी संकर करण्यास कोणाची फारशी हरकत नसे.

६/
जून १८५९ मध्ये न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले संघटित प्रदर्शन भरले. त्यात पॉइंटर आणि सेटर या दोनच प्रकारच्या शिकारी कुत्र्यांना प्रवेश होता. (यांतील पॉइंटर ध्यानात ठेवावा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.) प्रदर्शनांचे लोण झपाट्याने पसरले. १८७३ मध्ये लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि १८७४ मध्ये त्याने वंशनोंदवहीचा पहिला खंड प्रसिद्ध केला. अमेरिकन केनेल क्लब १८८४ चा. डाल्मेशियन क्लब ऑफ अमेरिका १९०५ चा.

७/
आरंभी नोंदवहीत प्रवेश सोपा होता. कुत्रा त्या जातीसारखा दिसला की झाले. कालांतराने दार बंद झाले. ज्याचे आईबाप नोंदवहीत, तोच 'शुद्ध'. एका पिढीत केवळ रूप पाहून आत घेतलेली कुत्री पुढच्या पिढ्यांसाठी कुलीनतेची मूळपुरुष ठरली. शुद्धता ही जणू अनादी वस्तू आहे असे मानले गेले. प्रत्यक्षात तिला तारीख होती, आणि ती तारीख फार जुनी नव्हती.

८/
मराठेशाहीतील वतनाचे तंटे ज्यांनी वाचले आहेत, त्यांना हा दस्तऐवज ओळखीचा वाटेल. वतनावर हक्क सांगणारा आपला करीना आणि वंशावळ सभेपुढे ठेवी. कोण कोणाचा पुत्र, हे तिच्यातून कळे. वतनदार कर्तबगार आहे की नाही, हे तिच्यातून कळत नसे. केनेल क्लबच्या वंशावळीचेही तसेच आहे. ती पूर्वज सांगते, पूर्वजांच्या मूत्रपिंडाविषयी मौन पाळते. खरेदीदार मात्र तो कागद आरोग्याचा दाखला म्हणून वाचत राहिला.

९/
बंद नोंदवहीत दोन गोष्टी अटळ होतात. पहिली : प्रदर्शन जिंकलेल्या मोजक्या नरांकडे साऱ्या माद्या नेल्या जातात, आणि त्या नरांत दडलेला दोष अर्ध्या जातीत पोहोचतो. दुसरी : बाप-लेक, बहीण-भाऊ अशा जवळच्या नात्यांत पैदास करून हवे ते रूप 'पक्के' केले जाते. रूपाबरोबर रोगही पक्का होतो. डाल्मेशियनमध्ये ठसठशीत ठिपक्यांची निवड करताना हा दोषही नकळत निवडला गेला असावा, असा काही संशोधकांचा तर्क आहे.

१०/
हा धोका व्हिक्टोरियन काळातही काहींनी ओळखला होता. चित्रकार जॉन एव्हरेट मिले यांचे पुत्र एव्हरेट मिले बॅसेट हाउंड पाळत. सततच्या जवळच्या पैदाशीने आपली कुत्री खंगत आहेत, हे पाहून त्यांनी १८९० च्या दशकात कृत्रिम रेतनाने बॅसेट व ब्लडहाउंड यांचा संकर घडवला. ती संतती पुन्हा बॅसेटशी जुळवली, आणि अवघ्या काही पिढ्यांत पिल्ले बॅसेटसारखीच दिसू लागली. रोगावरचा उतारा नोंदवहीच्या बाहेर असू शकतो, हे तेव्हाच सिद्ध झाले होते.

११/
१९३८ मध्ये ट्रिंबल आणि कीलर या अमेरिकन संशोधकांनी डाल्मेशियनचा इतर कुत्र्यांशी संकर करून दाखवले, की युरिक ॲसिडचा दोष मेंडेलच्या नियमाने चालतो. तो एकाच अप्रभावी जनुकाचा आहे. आईबाप दोघांकडून सदोष प्रत आली तरच दोष प्रकटतो. एक निरोगी प्रत पुरेशी असते. एकाच जनुकाचा दोष, म्हणजे आनुवंशिक रोगांतला सर्वांत सोपा प्रकार. तरीही तो सुटेना.

१२/
बेजबाबदार पैदासकार म्हटले, की डोळ्यांपुढे येतो तो अंधाऱ्या खुराड्यात माद्या कोंडून पिल्ले विकणारा व्यापारी. असे व्यापारी होते आणि आहेत. १९९६ मध्ये डाल्मेशियनांवरचा डिस्नेचा चित्रपट नव्या रूपात आला. पिल्लांची मागणी वाढली, तशी घाईची पैदासही वाढली. पुढे अमेरिकेतील अनेक आश्रयगृहांत टाकून दिलेले डाल्मेशियन येऊ लागले. या जातीत बहिरेपणाही आनुवंशिक आहे. पिल्लाची श्रवणचाचणी करता येते, पण घाईत असलेला विक्रेता ती करत नाही.

१३/
युरिक ॲसिडची कहाणी याहून अस्वस्थ करणारी आहे. बहिरेपणाच्या बाबतीत प्रामाणिक पैदासकार चाचणी करून ऐकू येणारी कुत्री निवडू शकतो. इथे निवडायला काही उरलेच नव्हते, कारण शुद्ध वंशातील सगळ्याच डाल्मेशियनांत दोन्ही प्रती सदोष होत्या. पिल्लांवर जीव लावणारा, स्वच्छता राखणारा, नियम पाळणारा सज्जन पैदासकारही प्रत्येक वेळी सदोष पिल्लूच जन्माला घालत होता. बेजबाबदारपणा येथे नियमातच लिहिलेला होता.

१४/
१९७३ मध्ये अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञ रॉबर्ट शायबल यांनी कोंडी फोडली. त्यांनी डाल्मेशियनचा एका पॉइंटरशी एकदाच संकर केला. पिल्लांपैकी निरोगी प्रत असलेली निवडून ती पुन्हा शुद्ध डाल्मेशियनशी जुळवली. पुढच्या पिढीत पुन्हा तेच. हिशेब साधा आहे. पहिल्या पिढीत पॉइंटरचा वाटा निम्मा, दुसरीत पाव, पाचवीत सरासरी बत्तिसावा, दहावीत हजाराव्या भागाहूनही कमी. ती एक निरोगी प्रत तेवढी जपायची.

१५/
१९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने या वंशातील दोन कुत्र्यांची डाल्मेशियन म्हणून नोंद केली. ती दिसायला डाल्मेशियन होती आणि त्यांच्या लघवीत युरिक ॲसिड सामान्य होते. प्रश्न येथेच संपायला हवा होता. पण जातीच्या क्लबातील सभासदांत विरोध उसळला आणि त्यांच्या संततीची नोंदणी थांबली. शायबल यांनी आपले काम नोंदवहीबाहेर चालू ठेवले. दार पुन्हा उघडायला तीन दशके लागली.

१६/
विरोधकांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. प्रत्येक डाल्मेशियनला खडे होतात असे नाही. अनेकांचे आयुष्य सुखाने जाते. पॉइंटरबरोबर दुसरा एखादा रोग आत येईल, अशी भीती होती. संकरित वंशातील काहींचे ठिपके बारीक किंवा कमी रेखीव होते. ज्यांनी आयुष्यभर एका रूपाची जोपासना केली, त्यांना हा घाला वाटला. यांतील पहिल्या दोन शंकांना अभ्यासाने उत्तर देता येत होते. तिसरीचे उत्तर मात्र मूल्यांत होते : ठिपका मोठा की प्राण?

१७/
डाल्मेशियनचे आयुर्मान साधारण अकरा ते तेरा वर्षे. त्या मापाने मोजले तर १९७३ ते २०१० म्हणजे कुत्र्यांची जवळजवळ तीन संपूर्ण आयुष्ये. या काळात कित्येक कुत्र्यांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि कित्येक घरांत मध्यरात्री पशुवैद्याकडे धाव घेतली गेली. उपाय उपलब्ध असताना हे घडले. मालकाच्या हाती राहिले ते आहाराचे नेम, औषध आणि सततची धाकधूक.

१८/
२००८ मध्ये चित्र पालटू लागले. कॅलिफोर्नियातील डॅनिका बॅनाश व सहकाऱ्यांनी या दोषामागचे जनुक शोधले. त्याच वर्षी लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या अभ्यासातून जातिवंत कुत्र्यांतील वैविध्य किती आटले आहे हे पुढे आले. ब्रिटनमध्ये पग सुमारे १०,०००, पण आनुवंशिक वैविध्याच्या दृष्टीने ते जेमतेम ५० कुत्र्यांइतके. ऑगस्ट २००८ मध्ये बीबीसीने जातिवंत कुत्र्यांच्या व्याधींवरचा माहितीपट दाखवला आणि ब्रिटनमध्ये वादळ उठले.

१९/
पुढच्या घटना वेगाने घडल्या. २००९ मध्ये बीबीसीने क्रफ्ट्स या विख्यात प्रदर्शनाचे प्रक्षेपण सोडले. त्याच वर्षी केनेल क्लबने आई-मुलगा, बाप-मुलगी आणि सख्खी भावंडे यांच्या पिल्लांची नोंदणी बंद केली. जानेवारी २०१० मध्ये केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ सर पॅट्रिक बेट्सन यांचा श्वानपैदाशीवरील चौकशी अहवाल आला. त्याच साली शायबल यांच्या वंशातील फियोना ही मादी केनेल क्लबच्या नोंदवहीत दाखल झाली. २०११ मध्ये ती क्रफ्ट्सच्या रिंगणात उतरली, आणि त्याच वर्षी अमेरिकन केनेल क्लबनेही या वंशाला दार उघडले.

२०/
आज साध्या जनुकीय चाचणीने डाल्मेशियनच्या पिल्लाकडे निरोगी प्रत आहे की नाही, हे कळते. एक निरोगी प्रत असलेला नर वा मादी सदोष जोडीदाराशी जुळवली, तरी सरासरी निम्मी पिल्ले या दोषातून मुक्त जन्मतात. म्हणजे उरलेल्या जुन्या वंशाचा त्याग करण्याचीही गरज नाही. तरीही दोन्ही प्रती सदोष असलेल्या पिल्लांची पैदास थांबलेली नाही. ज्ञान आले म्हणून आचरण आपोआप बदलत नाही, हे इतिहासाच्या अभ्यासकाला नवे नाही.

२१/
भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २०१७ मध्ये श्वानपैदास व विक्रीचे नियम लागू झाले. पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकू नये, असे ते सांगतात. नियम आवश्यक आहेत. मात्र नोंदणीचा कागद पैदासकाराची ओळख देतो. पिल्लाच्या आईबापांची प्रकृती तो सांगत नाही. पुण्या-मुंबईत 'पेपरवाले' पिल्लू म्हणून जास्त पैसे मोजणाऱ्यानेही वंशावळीबरोबर आईबापांचे चाचणी अहवाल मागायला हवेत.

२२/
आणि ज्या घरात सदोष कुत्रे आधीच आले आहे, त्यांचे काय? त्यांच्यासाठी या इतिहासात एक दिलासा आहे. मुतखडा झाला म्हणजे आपल्याच देखभालीत खोट होती, असे मानून अनेक मालक स्वतःला बोल लावतात. खडे टाळण्याची काळजी त्यांनी घ्यावीच. पण खड्याचे मूळ त्यांच्या स्वयंपाकघरात नाही. ते त्या नोंदवहीत आहे, जिचे दार कुत्र्याच्या जन्माच्या कितीतरी आधी काही माणसांनी लावून घेतले आणि उघडण्याची वेळ आली तेव्हा अडवून धरले.

(समाप्त)