निर्वासितांच्या गावातले पाच पैसे

जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात १९७२ सालचे आंतरदेशीय पत्र हाती लागले, तर त्याचा कोपरा नीट पाहावा. पंधरा पैशांचे तिकीट पत्रावर छापलेलेच असते. त्याच्या शेजारी पाच पैशांचे आणखी एक लाल तिकीट चिकटवलेले दिसेल. हे पाच पैसे टपालहशील नव्हते. तो कर होता.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. त्यांच्या खर्चासाठी केंद्र सरकारने रेल्वे व विमानाच्या तिकिटांबरोबर टपालावरही कर बसवला. १५ नोव्हेंबर १९७१ पासून पोस्टकार्डे आणि वृत्तपत्रे वगळता टपालावर पाच पैसे जादा द्यावे लागू लागले. क्षयरोग निवारणाची तिकिटे आपण स्वखुशीने घेतो. हे तिकीट सक्तीचे होते, आणि करतिकिटाची खरी ओळख तीच. आपल्या शेजारी गोव्यात पोर्तुगीज अमदानीत युद्धकराची आणि पुढे सार्वजनिक साहाय्याची अशीच तिकिटे निघाली होती.

नवे तिकीट छापून होईपर्यंत कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर ‘शरणार्थी सहायता’ आणि इंग्रजीत ‘रेफ्युजी रिलीफ’ अशी अक्षरे नाशिकच्या छापखान्यात उमटवली गेली. छोट्या कुटुंबाचा प्रचार करणाऱ्या तिकिटावर घर सुटलेल्या कुटुंबांचा उल्लेख आला. पण हा साठाही सगळीकडे वेळेत पोचेना, म्हणून ठिकठिकाणच्या पोस्टमास्तरांना स्वतःच शिक्के मारण्याची मुभा मिळाली. बंगळूर, जयपूर, दिल्ली येथे ही अक्षरे छापली गेली. इतरत्र बहुधा रबरी शिक्क्यावर काम भागले. निर्वासितांचे चित्र असलेले स्वतंत्र तिकीट १ डिसेंबरला आले.

संग्राहकाची कसोटी या पहिल्या पंधरवड्यात लागते. साधे तिकीट स्वस्त, रबरी शिक्का करून घेणे सोपे. त्यामुळे बनावट माल पुष्कळ. सुट्या तिकिटावर विश्वास ठेवू नये. तिकीट पाकिटावरच असावे, टपालाचा शिक्का तिकिटावरून पाकिटावर उतरलेला असावा, गाव आणि तारीख वाचता यावी, आणि हिशेब जुळावा: आंतरदेशीय पत्राला पंधरा अधिक पाच, साध्या पाकिटाला वीस अधिक पाच. सरकारी टपालासाठी ‘सर्व्हिस’ तिकिटांवरही असे अधिमुद्रण झाले. अंबरनाथच्या आयुध कारखान्याची जुनी सरकारी पाकिटे म्हणूनच रद्दीत घालण्यापूर्वी एकदा पाहावीत.

अंबरनाथ-बदलापूरच्या वाटेवरच्या उल्हासनगरात मात्र या तिकिटाचा अर्थ आणखी वेगळा होतो. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या उपस्थितीत कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. गावाचे भाग आजही ‘कॅम्प नंबर’ सांगून ओळखले जातात. जी माणसे दोन तपांपूर्वी स्वतः सरकारी मदतीच्या रांगेत उभी होती, तीच आता पोस्टाच्या खिडकीशी दुसऱ्या निर्वासितांसाठी पाच पैसे मोजत होती. देशभर हा कर होता. इथे तो एका निर्वासिताने दुसऱ्यासाठी भरला.

युद्ध १६ डिसेंबर १९७१ला संपले. पुढच्या काही महिन्यांत बहुतेक निर्वासित मायदेशी परतले. कर मात्र ३१ मार्च १९७३ पर्यंत चालू राहिला.

आपल्याकडे तिकीट पाण्यात भिजवून सोडवायचे आणि पाकीट फेकून द्यायचे, ही जुनी रीत आहे. या तिकिटाच्या बाबतीत ती महागात पडते. भिजवलेले तिकीट लाखांतले एक होते. ते कोणी, कुठून, कधी लावले हे पाकिटाबरोबर जाते. उल्हासनगरच्या शिक्क्याचे एखादे पाकीट घरच्या पेटीत असेल, तर ते तसेच राहू द्यावे. ती या गावाने भरलेल्या पाच पैशांची पावती आहे.