टेरिअरची ‘दादागिरी’ : स्वभाव की गैरसमज?

औंध (जि. सातारा) : खटाव-माणच्या माळरानावर धनगराच्या कुत्र्याला कोणी हट्टी म्हणत नाही. दिवसा कळपामागे चालणे आणि रात्री वाड्याची राखण करणे, हे त्याचे काम ठरलेले असते. शहरातील सदनिकेत वाढणाऱ्या टेरिअरच्या वाट्याला मात्र कोणतेच काम येत नाही आणि तक्रारी तेथूनच सुरू होतात. सोफ्यावरून उतरवताना तो गुरगुरतो, जेवणाच्या भांड्याजवळ हात नेताच दात दाखवतो, आपल्याहून तिप्पट मोठ्या कुत्र्यावर धावून जातो. ‘हा घरावर हुकूमत गाजवतो,’ असा निष्कर्ष मग काढला जातो.

‘टेरिअर’ हे नाव भूमी या अर्थाच्या ‘टेरा’ या लॅटिन शब्दावरून आले. ब्रिटनमध्ये ही कुत्री बिळात शिरून खोकड (आपल्या माळावरील खोकडाचे विलायती भाऊबंद) बाहेर काढण्यासाठी आणि उंदीर मारण्यासाठी पैदा केली गेली. अंधाऱ्या बिळात मालकाचा हुकूम उपयोगाचा नसे. माघार न घेणे, स्वतः निर्णय घेणे आणि ठिकाण कळावे म्हणून भुंकत राहणे, हेच तेथे गुण होते. दिवाणखान्यात तेच दोष ठरतात.

हुकूमतीची कल्पना आली ती लांडग्यांवरून. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये बंदिस्त लांडग्यांतील वर्चस्वाच्या झुंजींचे वर्णन केले. डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या ग्रंथामुळे ‘आल्फा’ हा शब्द रूढ झाला. त्याच मेक यांनी 1999 मध्ये स्पष्ट केले, की जंगलातील कळप म्हणजे बहुधा आईवडील आणि पिले यांचे कुटुंबच असते. दुर्दैवाने कुत्र्याला उताणे दाबून धरण्याची पद्धत अद्याप गेलेली नाही. अमेरिकेत 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, हा उपाय करून पाहणाऱ्या 31 टक्के मालकांना कुत्र्याचा आक्रमक प्रतिसाद मिळाला होता.

गुरगुरणे ही धोक्याची सूचना होय. ती मारून बंद केली, तर कुत्रा सूचना न देता चावू लागतो, आणि घरात लहान मूल असेल तर हे फार महागात पडते. सोफ्यावरून ओढण्यापेक्षा खाऊ दाखवून खाली बोलवावे. तोंडातील वस्तू हिसकावू नये, दुसरी देऊन बदलून घ्यावी. तो जेवत असताना मुलांना दूर ठेवावे. रोज दोन वेळा फिरवणे, लपवलेला खाऊ वासाने शोधायला लावणे, उकरण्यासाठी मातीची एखादी पेटी देणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. शांत कुत्रा अचानक चिडका झाला, तर कान, दात किंवा सांधे दुखत असण्याची शक्यता असते. अशा वेळी प्रशिक्षकाआधी पशुवैद्यकाला गाठावे.

चावा घेतलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. कुत्रा घरचा आहे, लस दिलेली आहे, म्हणून थांबू नये.