दारातला तरवड

लग्न होऊन हैदराबादेत आले त्या वर्षी नवरात्राच्या सुमारास बाजारात पिवळ्या फुलांचे ढीग दिसले. अगंबाई, हा तर आपला तरवड! मराठवाड्यात माझ्या माहेरच्या शेजारणी याच फुलांची माळ घटावर बांधत. इथे त्याला तंगेडू म्हणतात आणि बायका त्याची बतुकम्मा रचतात. 2014 साली तेलंगण राज्य झालं, तेव्हा राज्यफुलाचा मानही त्यालाच मिळाला.

आमच्या माहेरच्या अंगणात मात्र तरवडाला जागा नव्हती. आजी म्हणायची, "चामड्याचं झाड ते, दारात नको." त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. तरवडाच्या सालीत टॅनिन भरपूर असतं, म्हणून कातडी कमवायला ती वापरत. मद्रास इलाख्यातला चामड्याचा धंदा कितीतरी वर्षं या सालीवर चालला. पुढे दक्षिण आफ्रिकेतून वॅटल नावाच्या झाडाची साल येऊ लागली आणि तरवड मागे पडला.

कमावलेल्या कातड्याची मोट व्हायची. इंजिनं येईपर्यंत कितीतरी विहिरींचं पाणी मोटेनंच शेतात जायचं. आजी मोटेचं पाणी पीत नसे. पोहऱ्यानं शेंदून, गाळून घेई. तिची अहिंसा खरी होती, त्याबद्दल शंका नाही. पण त्याच मोटेवर पिकलेला गहू आमच्या ताटात होता. साल सोलणारे, कातडी भिजवणारे हात मात्र आपण उंबऱ्याबाहेर ठेवले, आणि त्यांच्याबरोबर हे झाडही. तो हिशेब कुणी मांडलाच नाही.

म्हणून मी दारातच तरवड लावला. बियांचं कवच टणक असतं. वाळूत हलकं घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं आणि पावसाच्या तोंडावर भरपूर उन्हाच्या जागी, थेट जमिनीतच पेरलं. याचं मूळ खोल जातं, त्यामुळे रोप मोठं झाल्यावर हलवणं त्याला मानवत नाही. पहिल्या वर्षी थोडं पाणी घातलं. आता उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी येतं, तरी याच्यासाठी बादली भरावी लागत नाही.

आश्विनात शेजारच्या मुली फुलं मागायला येतात. परवा सुनेनं विचारलं, "आई, हे झाड कशाचं?"

मी मोटेपासून सुरुवात केली.