पेन्शनरांचे विद्यापीठ

साठी जवळ आली की माणसाला शाल-श्रीफळ मिळते, गळ्यात हार पडतो, चार भाषणे होतात; आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता आता जायचे कुठे, हा प्रश्न पुढे उभा राहतो. आपल्या पूर्वजांनी आयुष्याच्या तिसऱ्या आश्रमाला वानप्रस्थ म्हटले. पण आता वन कुठले आणि प्रस्थान कुठले! पेन्शनरांचे प्रस्थान बागेतल्या बाकापाशी येऊन थांबते. या वर्षांचे करायचे काय, याचे एक उत्तर युरोपात शोधले गेले, त्याची ही हकीकत.

१९७३ साली फ्रान्समधील तुलूझ येथे पिएर व्हेलास या कायद्याच्या प्राध्यापकांनी निवृत्तांसाठी विद्यापीठाची दारे उघडली. १९६८ च्या कायद्याने प्रौढांच्या शिक्षणाची जबाबदारी फ्रेंच विद्यापीठांवर टाकलेलीच होती. येथे प्रवेशाला पदवीची अट नव्हती. उपक्रमाला नाव पडले 'तिसऱ्या वयाचे विद्यापीठ'. दोनच वर्षांत ही कल्पना पोलंडमधील वॉर्सा शहरी पोहोचली. मात्र तुलूझच्या या विद्यापीठात शिकवीत ते प्राध्यापकच. वृद्धांनी यावे, बसावे, ऐकावे.

इंग्लंडात या कल्पनेने वेगळेच वळण घेतले. १९८१ साली केंब्रिजमध्ये इतिहासकार पीटर लॅस्लेट, समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग आणि शिक्षणतज्ज्ञ एरिक मिडविंटर यांनी ती हाती घेतली. लॅस्लेट आणि यंग दोघेही १९१५ चे, म्हणजे स्वतःच पासष्टीला टेकलेले. जुन्या इंग्लंडातील कुटुंबे आणि लोकसंख्या हा लॅस्लेट यांचा अभ्यासविषय. निवृत्तीनंतरही वर्षानुवर्षे धडधाकट जगणारी माणसे इतक्या मोठ्या संख्येने पूर्वी कधीच नव्हती, हे त्यांनी ओळखले होते. १९८९ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी आयुष्याचे चार भाग मांडले: परावलंबी बालपण, कमाईची व जबाबदारीची वर्षे, मग मनासारखे जगण्याचे तिसरे वय, आणि अखेरीस पुन्हा परावलंबन. आपल्या आश्रमांशी असलेले साम्य वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

सरकारी पैशावर विसंबायचे नाही, असे या मंडळींनी ठरवले. मग शिकवणार कोण? लॅस्लेट यांनी विद्यापीठ या कल्पनेच्या मुळाकडे बोट दाखवले. मध्ययुगीन युरोपात 'युनिव्हर्सिटास' म्हणजे इमारत नव्हे, तर माणसांचा संघ. तेव्हा निवृत्तांनीच एकमेकांना शिकवावे. कोणी मानधन घेऊ नये, कोणी प्रमाणपत्र मागू नये. आज ब्रिटनमध्ये असे हजारांहून अधिक संघ असून सभासद सुमारे चार लाख आहेत.

आपल्याकडेही ही भूक आहेच. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी २०१६ साली आजीबाईंची शाळा निघाली. गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन आज्या वर्गात बसल्या आणि गावातलीच एक सून त्यांची बाई झाली.

गुरू नसलेल्या वर्गालाही चालक मात्र लागतो. कॉलेजची पायरी न चढलेला मी शाळामास्तर, आमच्या गावातल्या अशाच एका लहानशा मंडळाचा चालक आहे. समोर बसणारे बहुतेक माझ्याहून शिकलेले. कुलूप उघडणे, सतरंजी अंथरणे, लांबलेल्या भाषणाला आदराने आवर घालणे ही माझी कामे. आणि सर्वांत अवघड काम, गप्प बसलेल्याला बोलते करणे. 'माझ्याकडे काय आहे सांगण्यासारखे?' हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकले, तितके दुसरे कुठलेच नाही. चाळीस वर्षे काम केलेला माणूस हे खरे मानू लागतो, तेव्हा फार वाईट वाटते.

रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब असेच दोन महिने मुके होते. एकदा मी त्यांना विचारले, की गाडीच्या शेवटच्या डब्यामागे 'एल. व्ही.' अशी पाटी का असते? त्यांचा चेहरा उजळला. ती पाटी दिसली म्हणजे गाडी सबंध आली, एकही डबा मागे रुळावर सुटून राहिला नाही, असे स्टेशनवाल्याला कळते. ही पाटी त्या वर्गात सर्वांनी शंभरदा पाहिली होती. तिचा अर्थ त्या दिवशी कळला. पुढच्या रविवारी तेच गार्डसाहेब निवृत्त तलाठ्यांकडून सातबाराचा उतारा वाचायला शिकत होते.

या दिवाळीत फराळाचे ताट पुढे ठेवताना घरातल्या आजोबांना, आजीला विचारून पाहा: तुम्ही दिवसभर नेमके काय काम करीत होता? आणि उत्तर लांबले तरी उठू नका.