ओले फडके आणि हॅक्सॉचे पान

एप्रिलच्या दुपारी नांदेडहून देगलूरकडे निघालेली अ‍ॅम्बॅसॅडर नरसीच्या अलीकडे-पलीकडे आचके देऊ लागे आणि थांबे. गाडीतले पाहुणे घाबरत, ड्रायव्हर नाही. तो डिक्कीतून पाण्याचा कॅन आणि एक जुने फडके काढी, बोनेट उघडी, फडके भिजवून इंजिनाला चिकटलेल्या छोट्या पेट्रोल पंपावर गुंडाळी आणि बाभळीच्या सावलीत जाऊन बसे. उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने पंपात पेट्रोलची वाफ झालेली असे. तो पंप पातळ पेट्रोल ओढू शकतो, वाफ नाही. पंप गार झाला की वाफेचे पुन्हा पेट्रोल होई आणि गाडी चालू. दहा-पंधरा मिनिटांचा खोळंबा, खर्च तांब्याभर पाण्याचा.

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत गाडी घरी सांभाळायची आणि जमेल तशी बदलून घ्यायची जी रीत पडली, ती हौसेतून आलेली नाही. नवी गाडी मिळायला वर्षे लागत, कंपनीचे वर्कशॉप लांबच्या शहरात असे आणि ऊन, चिकट काळी माती, क्षाराचे पाणी मात्र दारातच होते. विशेष म्हणजे ही विद्या शिकवणारे मुळात कारवाले नव्हतेच. ते आले बसच्या डेपोतून, विहिरीवरच्या ऑइल इंजिनावरून आणि ट्रॅक्टरच्या बोनेटखालून.

निजामाच्या काळी नांदेड हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातली बाजारपेठ. संस्थानच्या राजधानीत १९१२ची पिवळीधमक रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट होती. चौमहल्ला राजवाड्यात ती आजही पाहायला मिळते. पण ती मिरवायची गाडी. फारशी चाललीच नाही, म्हणून तिने कुणाला काही शिकवलेही नाही. शिकवले ते जून १९३२मध्ये निजाम स्टेट रेल्वेने सुरू केलेल्या मोटार खात्याने. २७ बस आणि १६६ कर्मचारी एवढ्यावर ते सुरू झाले. बस म्हटली की ती रोज सुटलीच पाहिजे. त्यासाठी फिटर लागतो, फिटरच्या हाताखाली पोरगा लागतो. १९५६मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि इथली बससेवा एसटीत मिळाली. पुढे तालुक्यातालुक्यात डेपो झाले, औरंगाबादेत चिकलठाण्याला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा झाली. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यामुळे आयटीआयची मुले एसटीत उमेदवारी करू लागली. सगळ्यांना नोकरी थोडीच मिळणार? ज्यांना मिळाली नाही, त्यांतल्या अनेकांनी नाक्यावर पत्र्याचे शेड टाकून गॅरेज उघडले.

या गॅरेजांची भाषा अजून निजामाच्या मुलखातली आहे. मुख्य कारागीर ‘उस्ताद’. तो मराठी घरातला असो, मुस्लिम असो की गुरुद्वाऱ्याच्या नांदेडातला शीख. शिकणाऱ्याला पाने हातात मिळण्याआधी वर्षभर रॉकेलने नटबोल्ट धुवावे लागत. इंग्लंडात १९६६पासून हेन्सची गाडी-दुरुस्तीची पुस्तके निघू लागली आणि मालक पुस्तक उघडे ठेवून अंगणात गाडी खोलू लागले. इकडे पुस्तक म्हणजे उस्ताद. मालकाने शेजारी स्टूल टाकून बसायचे, विचारायचे, पाहायचे आणि पुढच्या वेळी घरी करून पाहायचे.

दुसरी शाळा शेतात होती. पुण्यात १९४६मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुढच्या काळात डिझेल इंजिने विहिरीविहिरीवर पोहोचली. डिझेल संपून पाइपात हवा शिरली की बोल्ट सैल करून बुडबुडे जाईपर्यंत ‘एअर काढायची’, हे शेतकऱ्याच्या घरातल्या शाळकरी मुलालाही येत असे. मग १९६३मध्ये महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीतून ट्रॅक्टरची कंपनी निघाली. तिच्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनावर बेतलेले डिझेल इंजिन महिंद्राने जीपलाही बसवले. उदगीर-अहमदपूरकडच्या ट्रॅक्टर फिटरला जीपचे इंजिन अनोळखी वाटले नाही, ते यामुळे. पुढे काळ्या-पिवळ्या जीप या भागाच्या रस्त्यांवर माणसे भरभरून धावल्या. त्यांच्या मागे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपेक्षा ट्रॅक्टरवाल्या फिटरांचा आधार मोठा होता.

कार मात्र दुर्मीळ. तयार मोटारींच्या आयातीवर १९४९मध्ये बंदी आली. १९५३च्या टॅरिफ कमिशननंतर इथे नुसती जुळणी करणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. कारच्या बाजारात उरल्या मुख्यतः तीन कंपन्या: उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईत कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. प्रीमियर काढली होती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, १९४४मध्ये. तिची फिएट पुढे पद्मिनी झाली, पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत फिएटच राहिली. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची, म्हणजे हातात असलेली गाडी मोडीत काढायची सोयच नव्हती. डॉक्टर, वकील आणि मोंढ्यातले आडते यांच्याकडून ती दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे जाई. सरकारी कार्यालये ‘निर्लेखित’ जीपांचा लिलाव करत. दप्तरी मेलेली ती जीप एखाद्या अंगणात आणखी वीस वर्षे जगे.

घरच्या दुरुस्तीचा गाभा म्हणजे रविवार सकाळ आणि दोन फटी. एक प्लगची, दुसरी डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची. मायकोचा प्लग काढायचा, पॉलिश पेपरने काजळी घासायची आणि त्याच्या टोकाची फट मोजायची. फिलर गेज सगळ्यांकडे नसे, हॅक्सॉ ब्लेड मात्र घरोघरी. त्या पात्याची जाडी साधारण ०.६ मिलिमीटर, आणि अ‍ॅम्बॅसॅडरच्या प्लगला जवळपास तेवढीच फट लागते. पान फटीत घालायचे, किंचित अडकत सरकले तर बरोबर. पॉइंटची फट त्याहून कमी, सुमारे ०.४ मिलिमीटर. तिथे हॅक्सॉ चालत नाही. जुने मालक पोस्टकार्ड दुमडून अंदाज घेत, मग कानाने ठरवत. इंजिन संथ चालू ठेवून एक एक प्लगची वायर काढायची. वायर काढल्यावर आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करतोय, नाही बदलला तर दोष तिथेच.

सुट्या भागांचे भूगोल वेगळे होते. नांदेडची नजर हैदराबादकडे. मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज नांदेडवरूनच जाई आणि सिकंदराबादच्या राणीगंजात मोटारीचा सुटा भाग मिळाला नाही तर तो कुठेच मिळणार नाही, अशी समजूत होती. लातूरकर सोलापूरला किंवा पुण्याच्या नाना पेठेत जात. बाहेरगावी माणूस पाठवण्यापेक्षा एसटीने पार्सल मागवणे स्वस्त. क्लच प्लेटची वाट पाहत स्टँडवर थांबलेला मालक त्या काळी नेहमीचे दृश्य होते. भाग नाहीच मिळाला तर लेथवाला. बुश, पिन, शाफ्टचे टोक तो नमुन्यावरून कातून देई.

गाडीत केलेले बदलही असेच गरजेपोटी झाले. पहिला बदल म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणे. इंजिन ठरावीक तापमानाला येईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही झडप. नांदेडात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तिथे गाडी गरम व्हायला मदत कशाला हवी, असा उस्तादांचा सवाल. सवाल खणखणीत, पण उत्तर अर्धेच बरोबर. थर्मोस्टॅट नसले की इंजिन बराच वेळ थंड चालते, पेट्रोल जास्त खाते आणि आतून लवकर झिजते. गाडी गरम होण्याचे खरे कारण बहुधा रेडिएटरमध्ये असे. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरले की बारीक नळ्यांत क्षाराची पापडी बसते आणि पाणी फिरायचे थांबते. जाणते लोक पावसाळ्यात पत्र्यावरचे पाणी कॅनमध्ये धरून ठेवत आणि रेडिएटरला वर्षभर तेच वापरत.

लातूरला पाण्याचा प्रश्न रेडिएटरपुरता राहिला नाही. १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून पहिली पाणी एक्स्प्रेस आली: दहा टाक्या, पाच लाख लिटर. अशा गावात पाइप लावून गाडी धुणे शोभण्यासारखे नव्हते. आधी पिसांच्या झाडूने धूळ झटकायची, मग पिळलेले फडके फिरवायचे. अर्ध्या बादलीत अख्खी गाडी पुसायची ही पद्धत दुष्काळाने शिकवली.

मातीचा इलाज वेगळा. काळी माती मडगार्डच्या आत चिकटून बसते, आठवडाभर ओल धरते आणि पत्रा आतून खाते. म्हणून मृगाआधी गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर चढवून, इंजिनातून काढलेले जळके ऑइल थोड्या डिझेलमध्ये पातळ करून चासिसवर फवारायचे. त्यात दोन धोके: रबरी बुशांवर आणि ब्रेकच्या होजवर ऑइल बसले की रबर फुगते, आणि खाली गळलेले ऑइल जमिनीत मुरते. रबरावर कापड बांधून फवारणारा उस्ताद चांगला समजला जाई.

रात्रीच्या अंधाऱ्या रस्त्यांनी विजेचे बदल घडवले. जुन्या गाड्यांचा डायनॅमो संथ वेगात पुरेशी वीज देत नसे. त्याच्या जागी आल्टरनेटर बसवला की बॅटरी टिके आणि दिवे प्रखर होत. सीलबीम दिव्यांऐवजी ६०/५५ वॉटचे हॅलोजन आले. इथे नवशिका आणि जाणता यांतला फरक दिसे. नवशिका जुन्याच वायरीवर नवा बल्ब लावी, स्विच तापून वितळे. जाणता आधी रिले बसवी, म्हणजे मोठा प्रवाह स्विचमधून जातच नाही. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा वाढवणे आणि फिएटचा स्टीअरिंगवरचा गिअर जमिनीवर आणणे, हे बदलही याच काळातले.

मग मारुती ८०० आली. १४ डिसेंबर १९८३ला दिल्लीत पहिली किल्ली दिली गेली, तेव्हा अनेक उस्तादांनी तिला ‘पत्र्याचा डबा’ ठरवले. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आडवे बसलेले, पुढची चाके ओढणारी. हात घालायला जागा नाही! पण तिनेच शिक्षकांच्या आणि बँक कर्मचाऱ्यांच्या अंगणात कार आणली आणि तिचे सुटे भाग तालुक्यालाही मिळू लागले. २०००च्या आसपास कार्बोरेटर जाऊन पेट्रोल फवारणारी एमपीएफआय यंत्रणा आली. पॉइंट तर त्याआधीच जात चालले होते. हॅक्सॉचे पान पुन्हा पाइप कापायला गेले. आता बंद पडलेल्या गाडीसाठी उस्तादाच्या कानाची जागा स्कॅनरने घेतली. बरेच मालक छोटे स्कॅनर डॅशबोर्डखाली लावून मोबाइलवर दोष वाचतात आणि मगच गॅरेजला फोन करतात.

एका बदलाबद्दल मात्र कौतुक करण्यासारखे काही नाही: घरगुती गॅसच्या टाकीवर व्हॅन चालवणे. स्वयंपाकाचा सिलिंडर सीटखाली ठेवून केलेली ही बचत जिवावर बेतणारी होती. मोटार वाहन कायद्यातल्या २०००च्या दुरुस्तीने आणि २००१च्या आदेशाने मान्यताप्राप्त किट, वेगळी टाकी आणि आरसीवर नोंद असा कायदेशीर रस्ता उघडला. एकूणच या कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ स्वरूपाला छेद देणारा बदल चालत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. सीट कव्हर बदलणे वेगळे, चासिस कापणे वेगळे. रंग बदलला तरी आरसीवर नोंद लागते.

लातूरच्या एमएच-२४ आणि नांदेडच्या एमएच-२६ पाटीच्या जुन्या गाड्या आज दोन बाजूंनी कात्रीत आहेत. पहिली बाजू आरटीओची. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते आणि १ एप्रिल २०२२ला कारसाठी तिचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. दुसरी बाजू पेट्रोलच्या टाकीत आहे. मांजरा खोऱ्यातल्या उसापासूनही बनणारे इथेनॉल आता २० टक्के पेट्रोलमध्ये मिसळलेले असते. काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५मध्ये सांगितले. घरी कार्बोरेटरवाली ८०० असेल तर येत्या रविवारी बोनेट उघडावे आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंतची नळी बोटांनी दाबून पाहावी. ती कडक, फुगलेली किंवा चिकट लागली तर बदलून टाकावी. दोन क्लिपा आणि एक स्क्रू ड्रायव्हर, एवढेच काम आहे.